गुडघ्याला बाशिंग

‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण सातवीच्या वर्गास शिकविताना आम्ही गेली कित्येक वर्षे फळ्यावर एकच चित्र काढीत आलो. नवरदेव पाटावर बसला आहे, कपाळ मोकळे आहे आणि मुंडावळ्यांसकट बाशिंग गुडघ्यावर झुलते आहे. मुले खदखदून हसत, आम्हीही हसत असू, आणि तास पुढे सरके. या म्हणीतला गुडघा एक दिवस खराखुरा निघेल आणि बाशिंग बांधणारा नवरदेव नसून पन्नाशी उलटलेला एक हेडमास्तर असेल, असे आम्हांस तेव्हा कोणी सांगितले असते तर त्यालाच आम्ही बाकावर उभे केले असते. यंदा मात्र ती म्हण आली तेव्हा आम्ही चित्र काढले नाही. अर्थ सांगितला आणि पुढल्या म्हणीकडे वळलो.

त्याचे कारण सांगावयाचे तर आमच्या धाकट्या कन्येच्या डाव्या गुडघ्याची हकीकत सांगावी लागेल. हकीकत घरगुती आहे. परंतु आता आपल्या पुष्कळ घरांतून मुली मैदानावर जाऊ लागल्या आहेत आणि ही दुखापत अनेकांच्या उंबऱ्याशी आली आहे, म्हणून संकोच सोडून लिहितो.

आमची शाळा खानापूर तालुक्यात, सरकारी मराठी, बिऱ्हाड बेळगावात. धाकटी कबड्डी शिकली ती आमच्याच शाळेच्या अंगणात, मोठ्या मुलांच्या मागे लागून. कॉलेजात गेली तेव्हा चढाईसाठी तिचे नाव चार गावांत झाले होते. २०२४ च्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, आंतरमहाविद्यालयीन सामना होता आणि आम्ही कधी नव्हे ते रजा टाकून प्रेक्षकांत बसलो होतो. एका गड्याला स्पर्श करून ती मध्यरेषेकडे वळली. तिला कोणी धरले नव्हते, कोणी ढकललेही नव्हते. डावा पाय रुतल्यासारखा जागीच राहिला आणि शरीर तेवढे फिरले. ती खाली बसली. आतून ‘कट्‌’ असा आवाज आल्याचे तिने नंतर सांगितले. अंगाला कोणाचा हात लागला नाही, तेव्हा इजा ती काय असणार, असे आम्हांस वाटले. पुढे कळले की या दुखापती बहुतांशी अशाच होतात: धावता धावता थांबताना, वळताना, उडी मारून खाली येताना. आणि एकाच खेळात मुलींना मुलांपेक्षा त्यांचा धोका दुपटीहून अधिक.

संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. आपल्याकडे अशा वेळी जे होते ते यथासांग झाले. आंबेहळद आणि रक्त्याबोळाचा लेप झाला, ओळखीच्या हाडवैद्याची पट्टी झाली. तीन आठवड्यांत सूज उतरली, मुलगी चालू लागली, आणि आम्ही वैद्याला धोतरजोडी देऊन आलो. मग एके दिवशी जिना उतरताना तिचा गुडघा निसटला. दुखला नाही; निसटला. आठ दिवसांनी पुन्हा तसेच झाले. तेव्हा कोठे आम्ही दवाखान्याची पायरी चढलो.

डॉक्टरांनी गुडघा थोडा वाकविला, एका हाताने मांडी पकडली आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली. ती चांगली बोटभर पुढे आली. या परीक्षेला फिलाडेल्फियाच्या जॉन लॅकमन यांचे नाव आहे. पण ती लिहून प्रसिद्ध केली ती जोसेफ टॉर्ग यांनी, १९७६ साली. टॉर्ग हे लॅकमन यांचे विद्यार्थी. गुरूने शिकविलेल्या युक्तीला शिष्याने गुरूचेच नाव दिले, हे ऐकून आम्हांस त्या चिंतेतही बरे वाटले. एम. आर. आय. ने परीक्षेच्या निकालावर शिक्कामोर्तब केले. पुढचा क्रूशिएट लिगामेंट पूर्ण तुटला होता.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना सांध्याच्या ऐन मध्यावर दोन अस्थिबंध बांधून ठेवतात. ते एकमेकांवर फुलीसारखे आडवे जातात. त्यांतला पुढचा जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब, करंगळीएवढा जाड. नडगी पुढे सरकू न देणे आणि गुडघा पिळू न देणे, ही दोन कामे त्याच्याकडे. तुटला तर तो सहसा आपोआप नीट जुळत नाही, कारण सांध्यातल्या द्रवात त्याच्या टोकांशी रक्ताची गुठळी टिकत नाही आणि जखम भरण्यास आधार मिळत नाही. इंग्लंडात लीड्सच्या मेयो रॉब्सन यांनी १८९५ साली एका खाणकामगाराचे तुटलेले अस्थिबंध टाके घालून जोडले होते. परंतु नुसत्या टाक्यांचा भरवसा पुढे टिकला नाही. १९१७ साली ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी मांडीच्या बाहेरच्या अंगाची पट्टी सोडवून ती हाडांतल्या बोगद्यांतून ओवली. मूळ कल्पना आजही तीच आहे. मध्यंतरी १९८० च्या दशकात कार्बनच्या आणि प्लॅस्टिकच्या दोऱ्यांचे प्रयोग झाले. दोरे तुटले, त्यांचे कण सांध्यात पसरले, सूज आली. शरीराला शरीराचेच लागते.

शस्त्रक्रिया केलीच पाहिजे का, हा प्रश्न आम्ही विचारला, आणि डॉक्टरांनी त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले हे नमूद केले पाहिजे. स्वीडनमध्ये लुंड येथे १२१ तरुणांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांची शस्त्रक्रिया लवकर केली. उरलेल्या ५९ जणांना आधी व्यायाम देऊन, गरज वाटली तरच शस्त्रक्रिया असे ठरविले. दोन वर्षांनी पाहिले तर त्या ५९ पैकी ३६ जणांना शस्त्रक्रिया लागलीच नव्हती आणि दोन्ही गटांची स्थिती जवळपास सारखी होती. ज्याला वळावे-फिरावे लागत नाही त्याने आधी घाम गाळून पाहावा, असा याचा अर्थ. आमच्या कन्येचा गुडघा जिन्यावरही निसटत होता आणि तिला कबड्डी सोडावयाची नव्हती. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली.

मांडीच्या मागच्या स्नायूंच्या दोन कंडरा गुडघ्याच्या आतल्या बाजूने काढतात, दुमडून त्यांचा चौपदरी दोर करतात, दोन्ही हाडांत बोगदे पाडून दुर्बिणीच्या मदतीने तो दोर ओवतात. वर एक बारीक बटण, खाली स्क्रू. डॉक्टर ‘ग्राफ्ट’ म्हणत होते. मराठीचा मास्तर गप्प बसतो थोडाच! आम्ही म्हणालो, आमच्याकडे याला ‘कलम’ म्हणतात. आमच्या सौ.चे माहेर सावंतवाडीकडचे. सासरेबुवांनी आंब्याची कलमे लावली होती, आणि पहिली दोन-तीन वर्षे मोहोर धरला की ते स्वतः तो खुडून टाकीत. आम्ही नवे जावई, हळहळलो. ते म्हणाले, “आत्ताच फळ घेतलं तर झाड खुरटतं. आधी त्याला लाकूड धरू दे.” ही गोष्ट आम्ही त्या डॉक्टरांना मोठ्या हौसेने सांगितली. म्हणजे ज्ञान आम्हांस होते. नव्हते असे म्हणावयास जागा नाही.

पहिले सहा आठवडे कठीण गेले. कुबड्या, बर्फ, मांडीचा स्नायू आवळण्याचे व्यायाम, रात्रीची रडारड. तिसऱ्या महिन्यात चक्र फिरले. ती सायकल चालवू लागली, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढू लागली. दुखणे नाही, सूज नाही. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. त्याच दिवसांत तिच्या गुडघ्यात काय चालले होते हे तेव्हा आम्हांस ठाऊक असते, तर आम्ही तिला जिन्यावर धावताना पाहून टाळ्या पिटल्या नसत्या. ते पुढे सांगतो.

सप्टेंबर उजाडला. शस्त्रक्रियेला सहा महिने झाले आणि विद्यापीठाच्या संघाच्या निवडीचे पत्रक आले. फिजिओथेरपीच्या बाईंनी स्पष्ट सांगितले होते की नऊ महिन्यांच्या आत खेळ नाही, आणि त्यानंतरही दोन्ही पायांची परीक्षा घेतल्यावरच. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, सहा महिने झाले, सूज नाही, हळूहळू खेळावयास हरकत नाही. दोन मतांपैकी सोयीचे मत आम्ही उचलले. शिवाय त्याच ऑगस्टात विनेश फोगट पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली होती, आणि एक वर्षापूर्वी, २०२३ च्या ऑगस्टात, मुंबईत तिच्या याच अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाली होती. एका उदाहरणावरून नियम काढू नये, हे आम्ही मुलांना व्याकरणाच्या तासाला बजावतो. घरी मात्र भिंतीवर लावलेल्या त्या एका छायाचित्राने आमचा सगळा तर्कशास्त्राचा पाठ पुसून टाकला.

कॉलेजला पालकांचे संमतिपत्र हवे होते. “अण्णा, सही करा की,” धाकटी म्हणाली. सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. म्हणाल्या, “नऊ महिन्यांचं काम सहा महिन्यांत उरकलं तर काय होतं, ते बायकांना विचारा. सही करू नका.” आम्ही हसलो. घोटीव अक्षरात सही केली, खाली तारीख घातली. खरे कारण मुलीचा हट्ट हे नव्हते. आमच्या शाळेच्या अंगणात खेळलेली मुलगी विद्यापीठाच्या संघात निवडली जाते आणि तिच्या नावापुढे वर्तमानपत्रात आमचे नाव छापून येते, हे चित्र आमच्या डोळ्यांसमोर होते. उतावळा कोण होता, हे त्या कागदावरच्या सहीवरून कळते.

सरावाच्या तिसऱ्या दिवशी ती रिक्षातून घरी आली. आम्ही अंगणात होतो. तिने काही सांगितले नाही, आम्ही काही विचारले नाही. पायरीवर बसून तिने बूट काढले आणि मग खाली मान घालून म्हणाली, “अण्णा, परत निसटला.” कलम तुटले होते.

डॉ. वॉनलेस यांच्या काळापासून आमच्या भागातील माणसे दुखणे घेऊन मिरजेची गाडी धरतात. आम्हीही धरली. तेथल्या डॉक्टरांनी, जे नर्सशी कानडीत आणि आमच्याशी मराठीत बोलत होते, जुन्या शस्त्रक्रियेचा कागद वाचला आणि एक्स-रे काचेवर लावून बराच वेळ पाहिला. आमच्या मनात राग साचला होता. कोणीतरी चुकले आहे, त्याचे नाव आम्हांस हवे होते. आम्ही तसे सरळ विचारले. ते म्हणाले, “गुरुजी, नापास झालेल्या पोराला तुम्ही एकच कारण सांगता का?”

मग त्यांनी कागदावर घड्याळ काढले. मांडीच्या हाडाला खालच्या टोकाशी मध्ये एक खाच असते, कमानीसारखी. समोरून पाहिले असता ती घड्याळाची वरची अर्धी तबकडी समजावी. डाव्या गुडघ्यात हा अस्थिबंध दोनच्या आसपास, बाजूच्या भिंतीवर चिकटलेला असतो. कन्येचा नवा दोर जवळजवळ बारावर, कमानीच्या माथ्याशी बसविलेला होता. असा उभा दोर नडगीला पुढे सरकू देत नाही, म्हणून तपासणीत गुडघा घट्ट लागतो. पण पिळाला तो आवर घालू शकत नाही. आणि कबड्डी म्हणजे तर निव्वळ पीळ. हे का होते? जुन्या रीतीत आधी नडगीच्या हाडात बोगदा पाडतात आणि त्याच बोगद्यातून ड्रिल वर नेऊन मांडीच्या हाडात दुसरा पाडतात. खालच्या बोगद्याची दिशा वरच्याला मिळते, आणि वरचा सहज माथ्याकडे जातो. नव्या रीतीत मांडीच्या हाडातला बोगदा वेगळ्या छिद्रातून, मूळ अस्थिबंधाची खूण पाहून स्वतंत्रपणे पाडतात. कलम तुटण्यात तंत्रातल्या ज्या चुका सापडतात, त्यांत मांडीच्या हाडातला बोगदा चुकीच्या जागी असणे ही सर्वांत आढळणारी चूक.

आम्ही म्हणालो, म्हणजे जुन्या रीतीचा दोष. ते पुन्हा हसले. डेन्मार्कमध्ये देशभरच्या अशा शस्त्रक्रियांची नोंदवही ठेवतात. नवी रीत तेथे आली त्या सुरुवातीच्या वर्षांत, म्हणजे २००७ ते २०१० या काळात, नव्या रीतीने बसविलेली कलमेच पुन्हा बदलण्याची पाळी अधिक आली. कोणी म्हणतात हात बसावयास वेळ लागला; कोणी म्हणतात योग्य जागी बसलेला दोर खरा भार घेतो, म्हणून अवेळी खेळणाऱ्याचा तो लवकर तुटतो. जुन्या रीतीने केलेले शेकडो गुडघे आजही सुखाने फिरत आहेत. शिक्षणखात्यातही नवी पद्धत आली की निकाल आपोआप सुधारतो असे समजणारे अधिकारी असतात; त्या मिरजेच्या डॉक्टरांना खात्यात आणावे असे आम्हांस वाटून गेले.

दुसरे कारण त्यांनी जुन्या कागदावर बोट ठेवून दाखविले: कलमाची जाडी सात मिलिमीटर. आठाच्या खाली जाडी गेली की तरुणांत धोका वाढतो, आणि मुलींच्या या कंडरा मुळात बारीक असतात. तिसरे कारण वय. पंचविशीच्या आतले जे पुन्हा मैदानावर जातात, त्यांच्यापैकी सुमारे २३ टक्के जणांना या ना त्या गुडघ्यात अशीच दुखापत पुन्हा होते, असे अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये मांडलेल्या हिशेबात आढळले. नडगीच्या हाडाचा माथा मागे फार उतरता असेल, साधारण बारा अंशांच्या वर, तर तेही वाईट; कन्येचा उतार नऊ अंश निघाला. एवढे एक कारण तरी वजा झाले.

“आणि चौथं?” आम्ही विचारले. ते थोडे थांबले. मग म्हणाले, “सहा महिने.”

आम्ही त्यांना आंब्याच्या कलमाची गोष्ट सांगितली. या वेळी हौसेने नव्हे. ते म्हणाले, आंब्याची फांदी जिवंत असते, रस मिळाला की ती वाढते. हे कलम आधी मरते. कंडरा आपल्या जागेवरून काढली की तिचा रक्तपुरवठा तुटतो, आतल्या पेशी मरतात, आणि उरतो तो नुसता सांगाडा. त्या सांगाड्यात हळूहळू रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात, तंतू पुन्हा रचले जातात. १९८६ साली सशांवरच्या प्रयोगांतून कंडरेचे असे अस्थिबंधात रूपांतर होत असल्याचे दाखविले गेले. माणसात याला एक वर्षही पुरत नाही, आणि तरीही तो मूळ अस्थिबंधासारखा पूर्णपणे होत नाही. या उलथापालथीत पहिल्या काही महिन्यांत कलम शस्त्रक्रियेच्या दिवशी होते त्याहून दुबळे असते. म्हणजे मुलगी जिना धावत चढत होती, घर टाळ्या वाजवीत होते, तेच दिवस सर्वांत कच्चे होते. दुखत नाही म्हणजे बरे झाले, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा ठोकताळा या एका बाबतीत उलटा पडतो, कारण मेलेल्या कलमाला दुखत नाही.

नॉर्वेच्या ओस्लोत आणि अमेरिकेच्या डेलावेअरमध्ये मिळून झालेल्या एका अभ्यासात, २०१६ साली, असे आढळले की नवव्या महिन्यापर्यंत खेळाकडे परतणे जितके महिने लांबवावे, त्यांतल्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघ्याला नवी दुखापत होण्याचे प्रमाण निम्म्याने उतरते. २०२० साली स्वीडनमध्ये तरुण खेळाडूंत पाहिले तेव्हा, नऊ महिन्यांच्या आत परतलेल्यांत नव्या दुखापतीचे प्रमाण सुमारे सातपट निघाले. परतीच्या गाडीत आम्ही तिकिटाच्या पाठीवर गणित मांडले. सहापासून नऊपर्यंत महिने तीन. निम्म्याचे निम्मे, त्याचे निम्मे, एक अष्टमांश. बोगदा कोठे पाडला, दोर किती जाड होता, यांत आमचा हात नव्हता. या एका आकड्यात होता. सौ. समोर बसल्या होत्या. त्यांनी तिकीट पाहिले आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. ‘मी सांगितले होते’ हे शब्द त्यांनी तेव्हा उच्चारले नाहीत, आजवर उच्चारलेले नाहीत. उच्चारले असते तर बरे झाले असते, असे कधी कधी वाटते.

दुसरी शस्त्रक्रिया २०२५ च्या जानेवारीत झाली. जुना बोगदा योग्य जागेपासून इतका दूर होता की नव्याला त्याचा अडथळाच झाला नाही. दोन टप्प्यांऐवजी एकाच वेळी काम भागले. चुकीचाही असा कधी उपयोग होतो. या वेळी कलम गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेतून घेतले, तिच्या मधल्या पट्टीच्या दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे ठेवून. बोगद्यात हाडाला हाड लवकर सांधते. या कलमाची एक किंमत आहे आणि ती आपल्यासारख्या जमिनीवर बसणाऱ्या लोकांनी आधी विचारून घ्यावी: गुडघे टेकले की पुढच्या बाजूस दुखते. धाकटी आता दारात रांगोळी काढताना पाट घेऊन बसते. किंमत सांगूनच घेतली होती, म्हणून तक्रार नाही.

शिवाय डॉक्टरांनी गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने एक पट्टी आवळली. फ्रान्सच्या मार्सेल लमेर यांनी १९६७ साली वर्णिलेली ही युक्ती मधल्या काळात मागे पडली होती. बाहेरच्या अंगाला पिळास आवर घालणारा एक तंतू असतो, याची चाहूल पॅरिसच्या पॉल सेगाँ यांना १८७९ सालीच लागली होती. २०१३ मध्ये बेल्जियममधून त्याचे सविस्तर वर्णन आले, तेव्हा ‘नवा अस्थिबंध सापडला’ म्हणून वर्तमानपत्रांनी केवढा गाजावाजा केला! जुन्या पोथीत असलेली ओवी नव्याने वाचली एवढेच. पण त्यानंतर लमेर यांच्या पट्टीकडे डॉक्टर पुन्हा वळले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, कॅनडाच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात पंचवीस वर्षांच्या आतल्या ६१८ जणांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले होते. नुसते मांडीमागच्या कंडरेचे कलम घातलेल्यांपैकी ११ टक्क्यांचे दोन वर्षांत तुटले. त्याला बाहेरच्या पट्टीची जोड दिलेल्यांपैकी ४ टक्क्यांचे. त्यांचे कलम मांडीमागचे होते, आमच्या कन्येचे वाटीखालचे. तेव्हा तो आकडा आम्ही तिला जसाच्या तसा लावीत नाही. एवढे व्याकरण आता शिकलो आहो.

यंदाचे वर्ष आमच्या घरात महिन्यांच्या नावांनी गेले नाही, आकड्यांनी गेले. तिसरा, चौथा, सहावा. सहाव्या महिन्यात कॉलेजचे पत्रक पुन्हा आले. धाकटीने ते वाचले, घडी घातली आणि स्वतःच फडताळात ठेवून दिले. नववा महिना आला तेव्हा फिजिओथेरपीच्या बाईंनी मांडीच्या स्नायूची ताकद मोजली. डावी बाजू अजून मागे होती. त्यांनी सांगितले की महिने पुरे झाले म्हणजे परीक्षा उतरली असे नाही. ताकद आणि उडी, दोन्हींत दुखऱ्या पायाने चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के तरी भरले पाहिजे. त्यांतली उडीची परीक्षा ऐकून आम्हांस गंमत वाटली. एका पायावर उभे राहावयाचे, त्याच पायावर पुढे झेप घ्यावयाची, त्याच पायावर न डगमगता थांबावयाचे आणि अंतर मोजावयाचे. ही तर आपली लंगडी.

डिसेंबरातल्या एका रविवारी, अकरावा महिना संपता संपता, ती आमच्याबरोबर शाळेत आली. अंगण रिकामे होते. आम्ही चुन्याची रेघ मारली आणि शाळेची मोजपट्टी काढली. सरावाच्या उड्या झाल्यावर उजव्या पायाने तिने १४० सेंटिमीटरवर झेप घेतली. मग डावा. ती रेघेशी थोडी अधिक वेळ उभी राहिली. झेप घेतली, खाली आली, गुडघा आत वळला नाही, पाय हलला नाही. आम्ही वाकून मोजले. १२२.

“किती झाले, अण्णा?” तिने विचारले. आम्ही भागाकार केला. सत्याऐंशी.

“नव्वदच लिहा की,” ती हसत म्हणाली. “तीन टक्क्यांनी काय होतंय?”

आम्ही वहीत ८७ लिहिले, खाली तारीख घातली, आणि वही तिच्याकडे सहीसाठी दिली.